मुऱ्हाळ्याची गाडी

परवा भाचीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. तिचं लग्न ठरलंय आणि हल्लीच्या रीतीप्रमाणे हॉल, फोटोवाला आणि गाडी यांची शोधाशोध चाललीय. नवरा तेवढा आधीच ठरलेला आहे, ही त्यातल्या त्यात सोय. "मावशी, ही बघ कसली गोड गाडी! पण भाड्याने नाहीये, विकायचीये." मी बघितलं. 'जुनी विलायती मोटार, संपूर्ण दुरुस्त केलेली, चालू स्थितीत. विकणे आहे. चिखली, जि. बुलढाणा.' खाली फोटो. गोल दिवे, फुगीर पाठ, जांभळ्या वांग्याचा रंग. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दोन दारांच्या मधल्या खांबावर ती अरुंद फट होती. त्या फटीत गाडीचा कान असतो हे मला ठाऊक होतं. ही काकांची गाडी.

काका म्हणजे माझे चिखलीचे घरमालक. त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत मी नोकरीची पहिली काही वर्षं काढली. रोज एसटीने अमडापूरच्या शाळेत जायचं आणि संध्याकाळी धुळीने माखून परत यायचं. काकांचं खामगाव रोडवर बी-बियाणांचं दुकान होतं. गावात मात्र त्यांना बियाणंवाला कुणी म्हणत नसे. मोटरवाले काका, असंच म्हणत.

गाडी त्यांना मिळाली ती कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. जिनिंगच्या म्हाताऱ्या मालकाने कुणा साहेबाकडून घेतलेली, मग विसरून गेलेली. काका ती ओढून न्यायला गेले तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. बरोबरची माणसं म्हणाली, उठवा तिला. काका म्हणाले, "काऊन उठवाची? तिचं काम पुरं होऊ द्या." आणि ते रिकाम्या हाताने घरी आले. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ते आठवड्याच्या बाजाराला जाताना शेडमध्ये डोकावत आणि कोंबडीपुढे मूठभर ज्वारी टाकून येत. ही गोष्ट काकू सगळ्यांना हसून सांगायच्या. मीही पुष्कळ हसले. काकांना थांबता येत असे, आणि एखादं काम अर्धवट उरकणं त्यांना जमतच नसे. पुढे काय होणार हे माहीत असतं, तर मी त्या कोंबडीला हसले नसते.

गाडी उभी करायला त्यांना कितीतरी वर्षं लागली. इंदूर, पुणे, मुंबई, जिथे म्हणून जुन्या लोखंडाचा बाजार आहे तिथे ते जाऊन आले. दुकानात येणारा शेतकरी सोयाबीनचं बी मागायचा तेव्हा काका आधी त्याला वावर कुठलं, माती कशी, हे विचारायचे आणि मग हळूच, "तुमच्या गावात जुन्या गाडीचा सांगाडा पडून नाही ना कुठी?" असं विचारायचे. काकूंनी एकदा उन्हाळ्यात गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर सांडगे वाळत घातले. काका बाहेर आले, त्यांनी बघितलं. एकेक सांडगा उचलून त्यांनी बाजेवर ठेवला आणि मग फडक्याने बॉनेट पुसत राहिले. काकू मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "पाहा मॅडम, एवढ्या मायेनं मह्या पाठीले कधी बाम नाही लावला."

गाडीखाली काका आणि गाडीशेजारी बॅटरीचा उजेड धरून त्यांची एकुलती एक मुलगी, शीतल. कॉलेजात जाणारी, हाताला ग्रीस, वेणीला ग्रीस. काकांनी तिला गाडी चालवायलाही शिकवली होती. त्या गाडीला वळायचं असलं की दारांच्या मधल्या फटीतून वीतभर लांबीचा पिवळा दिवा हातासारखा बाहेर यायचा. शीतलने त्याला नाव दिलं होतं 'कान'. चिखलीच्या रस्त्यावर त्या कानाचा अर्थ कुणालाही कळत नसे. ट्रॅक्टरवाले बघत राहायचे आणि थेट अंगावर यायचे. तरी काका दर वळणाला कान काढणारच.

आता त्या गाडीचं खरं काम सांगते. काका ती गाडी कुणालाही वरातीला देत नसत. मोठमोठी माणसं येऊन बसली, चहा पिऊन गेली, नाही म्हणजे नाही. ते म्हणायचे, "नवरदेवाले घोडं आहे, बँड आहे, दोस्त आहेत नाचाले. नवरीले काय आहे? रडून राह्यलेली पोट्टी कोंबतात कोणत्याबी जीपात." तेव्हा ती गाडी फक्त पाठवणीला. ओळखीतल्या, गल्लीतल्या, दुकानात बी घ्यायला येणाऱ्या माणसांच्या मुली सासरी जायच्या त्या काकांच्या गाडीत. पैसे घेत नसत. चपला काढून अनवाणी गाडी चालवायचे आणि मुलीच्या सासरच्या दारात गाडी थांबली की खाली उतरून, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बाई, या गाडीत आली. वापस याचं असलं तर हेच गाडी येईन. फक्त सांगजा."

बहुतेक ठिकाणी लोक हसायचे. एखाद्या सासूला राग यायचा.

पण काकांचं ते नुसतं बोलणं नव्हतं. सासरी गेलेल्या मुलीला सणावाराला माहेरी आणायला जो जातो त्याला आपल्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ जातो, काका जातो, कुणीतरी घरचं. हे सगळ्या गावाचेच मुऱ्हाळी होऊन बसले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की दुकान काकूंच्या ताब्यात आणि काका गाडीत. एका मुलीच्या सासरचे तिला काही केल्या पाठवत नव्हते. भाऊ दोनदा जाऊन हात हलवत परत आला होता. काका गेले. हौसेने मीही बरोबर गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलंय. त्यांनी गाडी बरोबर दारासमोर लावली. हॉर्न दिला नाही. "हॉर्न गिऱ्हाइकाले देतात मॅडम, पोरीले नाही." घरातही गेले नाहीत. गाडीतच बसून खिशातले फुटाणे खाऊ लागले. पोरं जमली, मग बाया जमल्या, मग पारावरचे म्हातारे आले. जो तो विचारी, "काऊन हो, कोणाची गाडी?" काका सांगत, "पोरीले घ्याले आलो. तयारी होऊन राह्यली तिची. होऊ द्या निवांत." घरात तयारी वगैरे काही चाललेली नव्हती. सासरा दोनदा बाहेर येऊन आत गेला. उन्हं कलायच्या आत त्या घराला लाज आवरेना आणि मुलगी पिशवी घेऊन बाहेर आली. भांडण नाही, आवाज नाही. परतताना काकांनी वळणावर कान काढला तेव्हा ती मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही नुसते बसून राहता!"

"मी कुठी बसतो? गाडी बसते. मले कोण पाह्यते?"

यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. दारात गाडी उभी राहिली की मुलीची किंमत दिसते, तिच्या मागे कुणीतरी आहे हे गावाला कळतं. नुसता माणूस गेला तर भाऊ गेला तसं होतं. मला तेव्हा हे पटायचं. सगळंच पटायचं त्यांचं, कारण ते बोलताना हातातलं काम थांबवत नसत.

शीतलचं लग्न सोनाळ्याला झालं. जिल्ह्याचं पार दुसरं टोक, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याची बाग असलेलं घर, जावई कष्टाळू, नावं ठेवण्यासारखं काही नाही. ती अर्थातच त्या गाडीत गेली. सासरच्या दारात काकांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, फक्त या वेळी ते शेवटपर्यंत आलं नाही, आवाज मध्येच गेला. शीतलनेच ते पुरं केलं, "हाव बाबा, सांगतो." सगळे हसले.

त्यानंतर दीडएक वर्षाने तिचा फोन आला. मी खाली काकूंकडे भाजी निवडत बसले होते आणि काकांचा फोन नेहमीप्रमाणे सगळ्या घराला ऐकू येत होता.

"बाबा, मले घ्याले या."

"काऊन बाई? तब्येत बरी आहे ना?"

"हाव. लवकर या."

गाडी तेव्हा अंगणात खोलून पडलेली होती. इंजिनाचं वरचं डोकं काढलेलं आणि त्याचा एक भाग पुण्याहून यायचा होता. काका म्हणाले, "गाडी खोलली आहे बाई. जुळली की लगेच निघतो." मग ती म्हणाली, "बरं."

काकू तिथल्या तिथे उठल्या. "अवो, जीप करा. नाहीतर एसटीनं जा. पोरगी लवकर या म्हणून राह्यली." काकांनी मान हलवली. "जीपनं? मह्या पोरीले? साऱ्या गावच्या पोरी म्या गाडीनं आणल्या आन् मह्या पोरीले पिशवीवाणी जीपात टाकून आणू? सोनाळ्यात गाडी पाहेलाय साऱ्यायनं. मी एसटीतून उतरलो तर म्हणतीन, बापाचं काही राह्यलं नाही आता. तिचंच वजन कमी होते." मी वाद घातला. मी जाते म्हणाले, उद्याच जाते. तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गेल्या तर ते पाहुणी आल्यावाणी येईन. मले मालकीणवाणी आणाची आहे."

काकू रोज विचारायच्या आणि ते रोज म्हणायचे, "उद्या." ते आळशी नव्हते हो. जेवण विसरून ते त्या इंजिनाशी झुंजत होते. सकाळ-संध्याकाळ एसटी स्टँडवर पार्सल आलं का बघायला जायचे. शीतलने पुन्हा फोन केला नाही. याचा अर्थ तसं घाईचं काही नाही, असा त्यांनी लावला. मला वाटतं, तसा लावण्यातच त्यांची सोय होती.

पार्सल आलं, गाडी जुळली. काकांनी ती धुतली, पुसली, पितळी पट्ट्या चिंचेने घासल्या. काकू आणि मी मागे बसलो. अमडापूर, खामगाव, शेगाव, गाडी पाण्यासारखी पळत होती आणि काका खुशीत होते. सोनाळ्याला पोचल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी दारासमोर लावली. हॉर्न नाही. खिशातून फुटाणे काढले. माणसं जमू लागली.

शीतल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. म्हणाली, "उतरा, बाबा. आई, ये. मॅडम, तुमीबी आल्या? जेवून घ्या."

"जेवण घरी. तू बॅग आण."

"बॅग खोलली मी."

मग तिने सांगितलं. गाडीच्या खिडकीपाशी उभं राहून, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. तिने कुणालाही न सांगता नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केला होता आणि तिचं नाव लागलं होतं. ठराविक तारखेच्या आत बुलढाण्याला जाऊन कागद द्यायचे होते. घरात कुणी जाऊ दिलं नसतं, आणि फोन केला तेव्हा तो सासूच्या हातात होता, आवाज मोठा करून. म्हणून एवढंच बोलली. दारात गाडी उभी राहिली की कुणी अडवणार नाही, एवढा तिचा हिशेब होता. तो बापाकडूनच शिकलेला. मग ती रोज बॅग भरलेली ठेवून रस्त्याचा आवाज ऐकत बसली. तारीख निघून गेली.

"सांगाचं ना बाई," काका म्हणाले. "गाडीच खोलेल होती. नाहीतर..."

"मी त पायीबी आली असती, बाबा," शीतल म्हणाली. "गाडी कोणी मांगतली होती?"

काकू पदर तोंडाला लावून बसल्या. काकांच्या मुठीत फुटाणे तसेच होते. आम्ही आत गेलो, पाटावर बसलो, जेवलो. जावयाने आग्रह केला, सासूने बागेतली संत्री पिशवीत भरून दिली. सगळं रीतसर झालं. शीतल आमच्याबरोबर आली नाही. म्हणाली, आता काय करू येऊन?

निघताना वळण घ्यायला काकांनी कान काढला आणि तो परत आत घ्यायचं विसरले. शेगावपर्यंत तो तसाच बाहेर होता. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न मारून मारून पुढे जात होत्या. मला दिसत होतं, काकूंनाही दिसत असणार.

त्यानंतर काकांनी अंगणाच्या फाटकाला पाटी लावली, 'गाडी विकणे आहे'. माणसं यायची आणि काका त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "पोरी किती तुम्हाले?" मुलगी नसलेला माणूस तिथेच बाद. मुलगी असलेल्याला पुढचा प्रश्न, "तिनं बोलावलं आन् गाडी बंद असली तर काय करसान?" बिचाऱ्यांना वाटायचं, गाडीत काहीतरी दोष आहे म्हणून म्हातारा असं विचारतो. कुणी म्हणे मेकॅनिक बोलावू, कुणी म्हणे दुरुस्त करू. काका चहाचा कप उचलून नेत. "नाही जमत. या तुम्ही." गल्लीत सगळे म्हणत, काकाला गाडी विकायचीच नाही, उगाच लोकांना खेळवतो. मला तेव्हा त्यांचा रागही यायचा. एखाद्याने बरोबर उत्तर दिलं असतं, तर ते काय करणार होते?

शीतल सणाला यायची ती एसटीने. अंगणातून जाताना गाडीकडे बघायची नाही. काकांशी बोलायची, वाढायची, औषध घेतलं का विचारायची. मात्र बॅटरी धरून उभी राहणारी ती मुलगी पुन्हा काही त्या घरात आली नाही.

माझी बदली झाली तेव्हा स्टँड चार पावलांवर असूनही काकांनी मला गाडीने सोडलं, अनवाणी पायांनी गाडी चालवत. एसटीत चढताना मी वाट बघत होते, आता ते वाक्य म्हणतील. ते नुसते माझ्या पिशव्या मोजत राहिले. त्यांनी ते म्हणायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

तर परवा मी त्या जाहिरातीतला नंबर फिरवला. पलीकडून बाईचा आवाज आला. "गाडीसाठी का? पयले सांगा, पोरी किती तुम्हाले?"

प्रश्न ओळखीचा होता. मग नाव सांगितलं. "अगं बाई, मॅडम!" शीतल म्हणाली. काका गेल्या हिवाळ्यात गेले. काकू त्यांच्या आधीच गेल्या होत्या. ती घर आवरायला चिखलीला आली होती. एका हॉटेलवाल्याला गाडी दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती, त्याला तिने हाकलून दिलं होतं. सांगताना हसली, अगदी काकूंसारखी.

मग म्हणाली, "तुम्हाले एक सांगू, मॅडम? बाबा गेले त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी त्यायले फोन केला होता. सहजच. 'बाबा' म्हटलं आन् रेंज गेली. मंग मी कामात लागली. दुपारी पाह्यतो तर बाबा दारात. दुधाच्या टेम्पोत बसून खामगाव, मंग एसटी, मंग काळीपिवळी. पायात दोन वेगळ्या चपला. दुकान उघडं टाकून आलते. मले म्हणे, 'चाल बाई, घ्याले आलो.'"

"मग?"

"मले रागच आला हो. इतक्या वर्षांचा. म्या म्हटलं, 'हे तवा कराचं होतं, बाबा.' त्यायनं 'हाव' म्हटलं. बाहेरच्या ओट्यावर बसून पाणी पेले आन् म्हणे, 'मंग निघतो.' गेले. एकटेच. मी जायाले पाह्यजे होतं, मॅडम. त्या एसटीत, त्यायच्या बाजूले. दोन दिवस राहून वापस आली असती. काय जात होतं माह्यं?"

मला फक्त त्या दोन वेगळ्या चपला दिसत होत्या. ज्या माणसाने गाडी पुसल्याशिवाय कधी फाटकाबाहेर नेली नाही, तो माणूस असा गेला होता आणि तसाच परत आला होता. मला काकांसाठी वाईट वाटलं, तिच्यासाठी वाटलं, आणि कुणावर रागवावं हे कळेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी भाचीचं सांगितलं. विकत घ्यायची ऐपत नाही गं, पोरीला लग्नापुरती हवी होती.

"वरातीले का पाठवणीले?" शीतलने विचारलं.

"पाठवणीला."

"मंग मीच आणतो. मीच चालवतो. सोडून देतो तिच्या सासरी."

"आणि दारात ते वाक्य? ते म्हणशील ना?"

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, रेंज गेली.

"म्हणीन," ती म्हणाली. "पण तुम्ही तिले आतापासूनच सांगून ठेवा. वापस याचं असलं तर फक्त सांग म्हणा. आन् गाडीची वाट पाहू नको म्हणा."